विसावा निरोगी माणूस

त्या सकाळी मी प्रयोगशाळेतल्या फ्रीझरचं दार चौथ्यांदा उघडलं, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "उघडू नका हो सारखं. जीव जाईल त्याचा."

मी दचकून वळले. दारात एक उंच माणूस उभा होता. एका हातात हत्यारांची पेटी, दुसऱ्या हातात गळकी छत्री. ही ओली छत्री कुठे ठेवावी, याखेरीज जगात दुसरा प्रश्नच नाही, असा त्याचा चेहरा.

"त्याचा नाही, माझा जीव जातोय!" मी म्हणाले. "उणे ऐंशीचा फ्रीझर उणे बावन्नवर आलाय. सात वाजल्यापासून बोंबलतोय नुसता. तुम्ही दुरुस्तीवाले ना? मग बघा की लवकर!"

"बघतो," तो म्हणाला.

आणि त्याने आधी छत्री मिटली. मग ती बेसिनमध्ये उभी केली. मग रुमाल काढून हात पुसले, रुमालाची घडी घातली, ती खिशात ठेवली. एवढं सगळं होईपर्यंत माझ्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. शेवटी तो फ्रीझरजवळ आला आणि... त्याने फ्रीझरला कान लावला.

"काय करताय?"

"ऐकतोय. धाप लागलीय याला." तो खाली बसला, तळाची जाळी काढली आणि तिच्यावरची धूळ मला दाखवली. चांगली बोटभर जाड होती ती. "श्वास घ्यायला जागाच नाही बिचाऱ्याला. किती वर्षं झाली साफ करून?"

मी आकड्याकडे बघायला लागले. चार वर्षं झाली होती, आणि चारही वर्षं फ्रीझर माझ्याच ताब्यात होता.

तो ब्रशने एकेक पट्टी साफ करत बसला. मी येरझारा घालत होते. पाचव्यांदा माझा हात दाराकडे गेला, तेव्हा त्याने मान वर न करता विचारलं, "आकडा तर बाहेरही दिसतो. मग आत एवढं काय आहे बघण्यासारखं?"

"आसवं," मी म्हणाले.

ब्रश थांबला. "कुणाची?"

"एकोणचाळीस माणसांची."

"बापरे," तो म्हणाला, "एवढ्या माणसांना रडवलंत तुम्ही?"

मला राग यायला हवा होता. पण तो इतक्या गंभीरपणे म्हणाला की मी समजावून सांगायलाच बसले. रडवत नाही मी कुणाला, उलट रडलेलं आम्हाला चालतच नाही. डोळ्यावर आसवांचा एक पातळ थर कायम असतो, आपण हसत असलो तरी. काही लोकांचा तो थर सुकतो. मग डोळा चुरचुरतो, लाल होतो, आत वाळू गेल्यासारखं वाटतं. असे वीस कोरडे डोळेवाले आणि वीस निरोगी डोळेवाले घ्यायचे, प्रत्येकाला पंधरवड्यातून एकदा असं सहा वेळा बोलवायचं आणि आसवांतलं नेमकं काय कमी झालंय ते शोधायचं. तो माझा प्रबंध होता, आणि तो याच वर्षाअखेरीला सादर करायचा होता. तारीख हुकली तर थेट सहा महिन्यांनी पुढची खेप.

"वीस आणि वीस चाळीस," तो म्हणाला. "तुम्ही एकोणचाळीस म्हणालात."

"एक निरोगी मिळत नाहीये. हल्ली जो तो दिवसभर मोबाइलमध्ये डोळे घालून बसलेला. सगळे कोरडे."

त्याने जाळी बसवली. फ्रीझरचा आवाज हळूहळू शांत झाला. आकडा त्रेपन्न झाला... चौपन्न... पंचावन्न. मला त्या आकड्याला मिठी मारावीशी वाटली. तो मात्र बेसिनजवळ उभा राहून छत्री झटकत होता, आणि मी पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. पांढरेशुभ्र, ओलसर, एक लाल रेघ नाही. चार वर्षं डोळेच बघत आले होते मी, असा निरोगी डोळा मला दहा फुटांवरून कळतो.

"चष्मा आहे?" मी विचारलं.

"नाही."

"लेन्स? थेंब? दिवसाचे किती तास स्क्रीनसमोर?"

"मी दिवसभर फ्रीझरच्या मागे असतो," तो म्हणाला. "का?"

असा मला विसावा निरोगी माणूस मिळाला. फॉर्मवर त्याचं नाव बदलून तो झाला नि-वीस, कारण आमच्याकडे नळीवर, वहीत, कुठेही नाव लिहायचं नसतं, फक्त नंबर. मनातल्या मनात मात्र मी त्या माणसाचं बारसं केव्हाच उरकलं होतं. थंडोबा! दुसरं काय म्हणणार?

*

पहिल्या भेटीला गुरुवारी अकराला तो आला, म्हणजे अकराला पाच कमी असताना येऊन बाहेर बसून राहिला. मी त्याला खुर्चीत बसवलं, खिडकी लावली, पंखा बंद केला. मग खालची पापणी जरा ओढून दोन्ही डोळ्यांत कागदाची एकेक पट्टी अडकवली. डोळे मिटून पाच मिनिटं बसायचं. पट्टी किती मिलिमीटर भिजली ते मी मोजायचं.

"बोललेलं चालतं?" त्याने मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"कमी बोललेलं बरं."

"बरं." पट्टीचं टोक भिजलं. "तुम्ही काय करता या पाच मिनिटांत?"

"घड्याळ बघते."

"पाचही मिनिटं? फक्त घड्याळ?"

"हो," मी म्हणाले, आणि घाईघाईने घड्याळाकडे बघितलं.

पट्टी साडेसतरा भिजली होती. मी तसं म्हटल्यावर तो हसला. "बाहेर तुमची मैत्रीण तुम्हाला मिलिमीटर म्हणून हाक मारत होती, ते यासाठी होय!"

"अर्धा मिलिमीटरसुद्धा खोटा लिहीत नाही मी."

"तेच म्हणत होती ती. जरा वैतागूनच म्हणत होती."

दुसऱ्या भेटीला गडबड झाली, आणि चूक त्याची होती. पट्ट्या लावून तीन मिनिटं झाली असतील. दोन्ही डोळ्यांतून कागदाचे तुकडे लोंबताहेत, अशा अवस्थेत तो शांतपणे म्हणाला, "ताईने विचारलं, कुठे निघालास? म्हटलं, आसवं द्यायला. तर म्हणाली, तुझ्याकडे आहेत?"

मी फस्सकन हसले. मी हसले म्हणून तो हसला. पट्टी पार शेवटपर्यंत भिजली आणि तो प्रयोग बाद झाला. हसण्याने आलेलं पाणी आमच्या उपयोगाचं नसतं.

"आता?"

"आता अर्धा तास थांबायचं. डोळे जागेवर येऊ द्यायचे. मग परत."

तो अर्धा तास आम्ही बाहेरच्या बाकावर चहा घेत काढला. त्याने सांगितलं की घरी तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. ती शाळेत खेळ शिकवते आणि घरीही शिट्टी गळ्यात घालूनच वावरते. मी सांगितलं की माझी आई कपडे शिवते. बारीक काम, काज-बटणं, अस्तरं. तीस वर्षं सुईत दोरा ओवून तिच्या डोळ्यांचं वाळवंट झालंय. लहानपणी मला वाटायचं, आई सारखी रडते की काय! ती रडत नसायची, थेंब घालत असायची. म्हणून मी या वाटेला लागले.

"म्हणजे तुम्हाला आईसाठी आसवं बनवायची आहेत," तो म्हणाला.

चार वर्षांत माझा प्रबंध इतक्या थोडक्यात मलाही कुणाला सांगता आला नव्हता. मी कपात बघत बसले.

तिसऱ्या भेटीपासून काचेची नळी सुरू झाली. केसापेक्षा थोडीशीच जाड. ती डोळ्याच्या कडेला टेकवून थेंबभर आसू ओढून घ्यायचं आणि झाकणाच्या छोट्या नळीत साठवायचं असतं, पण ओढण्यासाठी समोरच्या माणसाच्या अगदी वीतभर अंतरावर जावं लागतं. एकोणचाळीस माणसांच्या मी तितकी जवळ गेले होते. एका दमात काम उरकलं होतं.

"वर बघा," मी म्हणाले.

"वर छत आहे."

"छतच बघायचंय."

"आणि... छताच्या अलीकडे दुसरं काही आलं तर?"

"तर ते सोडून छत बघायचं," मी म्हणाले. आवाज मला जमला होता. पण नळी मला खाली ठेवावी लागली आणि दहा अंक मोजून पुन्हा उचलावी लागली. तो मुकाट्याने छत बघत राहिला. कानांच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या त्याच्या.

चौथ्या भेटीला आम्ही ठरवूनच बोललो नाही. बाहेर रिमझिम होती, काचेवर बारीक टकटक चालली होती. पाच मिनिटं तो डोळे मिटून बसला होता आणि मी— मी घड्याळ बघत नव्हते, एवढंच सांगते.

त्या संध्याकाळी आईने मशीन थांबवून विचारलं, "कोण गं तो?"

"कोण कोण?"

"तो विसाव्या नंबरचा. बाकीच्या एकोणचाळीस जणांबद्दल तू मला चार वर्षांत चकार शब्द सांगितला नाहीस. याला चहात साखर किती लागते तेसुद्धा मला माहीत झालंय."

"आई, तो नमुना आहे."

"असेल," आई म्हणाली आणि तोंडातली टाचणी काढून उशीत खोचली. "तुझे बाबाही नमुनाच होते."

मी हसण्यावारी नेलं. मनातून मात्र घाबरले. वर्षाअखेर आईच्याही डोळ्यांपुढे होती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती सांगायची, या वर्षी माझी मुलगी डॉक्टर होणार. दोनच भेटी राहिल्या होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं, दोन भेटी होईपर्यंत मूठ काही उघडायची नाही.

*

पाचव्या भेटीला पट्ट्या काढल्यावर तो लगेच उठला नाही.

"किती?" त्याने विचारलं.

"थांबा, मोजतेय."

"बाबा गेले तेव्हा मी रडलो नव्हतो," तो म्हणाला. सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. "खुर्च्या आणा, कागद शोधा, लोकांना पाणी द्या... सगळं करत होतो. ताई म्हणाली, तू आतूनही गारच आहेस रे. मलाही मग तसंच वाटायला लागलं. म्हणून तुम्ही दर वेळी अठरा मिलिमीटर वगैरे म्हणता ना, तेव्हा बरं वाटतं. म्हणजे... आहे आत काहीतरी."

  मी पट्टी पुन्हा एकदा मोजपट्टीवर धरली.

"अठरा नाही," मी म्हणाले. "साडेअठरा."

तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मग इतका छान हसला की मी वही उलटी धरली होती, हे मला तो गेल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिन्याची मोजदाद होती. आमच्या मोठ्या मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शिका, हातमोजे घालून फ्रीझरमधला एकेक खण तपासत होत्या आणि मी यादीवर खुणा करत होते. नि-अठरा, चार नळ्या. नि-एकोणीस, चार नळ्या. नि-वीस...

मॅडम थांबल्या. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी चिमट्यातली नळी डोळ्यांजवळ नेली.

"हा थंडोबा कोण?" त्यांनी विचारलं. "निरोगी गटातला की कोरड्या?"

 नळीवर, माझ्याच सुवाच्य अक्षरात, न पुसणाऱ्या शाईने लिहिलं होतं: थंडोबा, भेट ५.

चार वर्षांत मी हजारो चिठ्ठ्या लिहिल्या असतील. आणि चुकले ती इथे. त्याच्या बोलण्याच्या तंद्रीत हाताने परस्पर लिहून टाकलं होतं.

मॅडमनी नळी जागेवर ठेवली, दार लावलं, हातमोजे काढले. रागावल्या नाहीत. त्या रागावत नाहीत, प्रश्न विचारतात, आणि ते जास्त वाईट असतं.

"फॉर्मच्या पहिल्या पानावर एक प्रश्न आहे. संशोधन करणाऱ्यांपैकी कुणाशी नातं किंवा जवळीक आहे का? आला तेव्हा त्याने काय लिहिलं होतं?"

"नाही, असं."

"आज विचारलं तर?"

 डोक्यात हिशेब भराभर चालला होता. 'काही नाही हो मॅडम, चेष्टेत लिहिलं' एवढं एक वाक्य, की सहावी भेट होणार, वीसचे वीस पुरे होणार, प्रबंध वेळेत जाणार. आणि तसं पाहिलं तर होतं तरी काय? त्याने मला कधी काही विचारलं नव्हतं. कदाचित फुकटात डोळे तपासून मिळतात म्हणूनही येत असेल. ज्याच्या मनातलं मला माहीतच नाही, त्याच्यापायी मी माझं वर्ष पाण्यात घालू?

पण त्याच्या पट्ट्या मीच मोजत होते. आणि काल साडेअठरा म्हणताना मला ते साडेअठरा असावेत असं वाटत होतं. होतेच ते साडेअठरा. पण मला तसं वाटत होतं, आणि असं वाटणाऱ्या माणसाच्या हाती मोजपट्टी नसावी, एवढं मला कळत होतं.

"माझ्याकडून आहे, मॅडम," मी म्हणाले. "त्याच्याकडचं मला माहीत नाही."

मॅडमनी फाइल काढली आणि फॉर्मचं पहिलं पान उघडलं. "एकतर्फी जवळिकीला फॉर्ममध्ये रकाना नाही," त्या म्हणाल्या. "पण नि-वीस बाद. पाचही भेटी. नवा माणूस शोध. पुढच्या गुरुवारपर्यंत पहिली भेट झाली, तर कसंबसं दहा आठवड्यांत बसेल. त्यानंतर नाही."

"हो, मॅडम."

"आणि त्याला पत्र जाईल. का थांबवलं, ते कळण्याचा त्याला हक्क आहे. पत्र तू लिही. कारण खरं लिही. संशोधनाच्या नीतिसमितीकडून मंजूर झाल्याशिवाय पाठवता येणार नाही, आणि तोवर त्याच्याशी बोलायचं नाही."

अशा रीतीने मी माझ्या आयुष्यातलं पहिलं प्रेमपत्र लिहिलं. ते असं होतं:

'आपल्या सहभागाबद्दल आम्ही आभारी आहोत. नमुने गोळा करणाऱ्या संशोधिकेच्या मनात आपल्याविषयी वैयक्तिक ओढ निर्माण झाली आहे. त्यामुळे आपले नमुने निःपक्षपातीपणे हाताळले जातील याची खात्री देता येत नाही, सबब आपला सहभाग थांबवण्यात येत आहे. यात आपला कोणताही दोष नाही.'

ते सगळ्यांत आधी, त्याच दुपारी, वाचलं सात जणांच्या समितीने. त्यात एक निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी 'वैयक्तिक'च्या आधी 'उत्कट' घालायचं आहे का, असं समासात विचारलं होतं. मॅडमनी मला ते दाखवलं. मी नाही म्हटलं. कान तापून लाल झाले होते माझे.

पत्र शुक्रवारीच गेलं. मग शनिवार, रविवार, सोमवार. मी माणूस शोधत हिंडले. वाचनालयात विचारलं, बसथांब्यावर विचारलं, आईच्या गिऱ्हाइकांना विचारलं. कुणाला चष्मा, कुणाला थेंब, कुणाला वेळ नाही. आणि त्याच्याकडून एक अक्षर नाही. फोन नाही, निरोप नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. बुधवारी रात्री जेवताना आईला सगळं सांगून टाकलं.

आईने ऐकून घेतलं. "खरं बोललीस ना?" तिने विचारलं. "मग जेव नीट."

*

गुरुवारी अकराला पाच कमी असताना मी रिकामी खुर्ची पुसत होते. बाहेर कुणीतरी शिट्टी वाजवली.

बाहेर बाकावर तो बसला होता. शेजारी एक ठसठशीत बाई, पायात खेळाचे बूट, गळ्यात शिट्टी.

"वाजवू नकोस म्हटलं होतं ना, ताई," तो म्हणाला.

"पाच मिनिटं झाली बसून. कुणाला पत्ताच नाही." ताईने मला आपादमस्तक न्याहाळलं. "तू होय ती ओढवाली! पत्र मीच फोडलं हो. सरकारी वाटलं, म्हटलं नोटीस-बिटीस आली की काय."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. त्याच्याकडे बघायचा धीर होईना.

"पत्र सोमवारी आलं," तो म्हणाला. "माझ्यामुळे तुमचं वर्ष जाणार, हे लक्षात आलं. मग तीन दिवस हिच्या मागे लागलो होतो. चष्मा नाही, थेंब नाही, मोबाइल दिवसातून दोनदा बघते, तेही ओरडायला. हिचे डोळे माझ्यापेक्षा निरोगी आहेत."

म्हणजे तो गप्प बसला नव्हता तर. त्याच्या पद्धतीने आधी छत्री ठेवायला जागा बघत होता... आणि मी इकडे धुपाटणं घेऊन बसले होते. मला एकदम हसू आणि रडू दोन्ही आलं, पण समोर फॉर्म भरायचा होता.

मी ताईंना आत बसवलं. मॅडमही आल्या आणि टेबलाशी उभ्या राहिल्या. वय अटीत बसलं. डोळे तपासले, सुंदर होते. दर पंधरवड्याला यायला ताई तयार होत्या. दहा आठवडे, सहा भेटी, आजपासून. सगळं जमत होतं. मग आला पहिल्या पानावरचा शेवटचा प्रश्न, आणि माझा आवाज बारीक झाला.

"संशोधन करणाऱ्यांपैकी कुणाशी... नातं किंवा जवळीक आहे का? हो की नाही?"

ताई पेन उचलून थांबल्या. भावाकडे वळल्या. "काय लिहू रे?"

तो दारात उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं, की हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"'नाही' लिहिलं तर?" त्याने मला विचारलं.

"तर आज पट्टी लागेल. प्रबंध वेळेत जाईल."

"आणि 'हो' लिहिलं तर?"

"तर ताई बाद. मग सहा महिने."

"ते खरं असलं तरच लिहायचं," मॅडम म्हणाल्या. "सोयीचं नको. दोन्ही बाजूंनी."

 मी त्याच्याकडे बघितलं. पत्रात सगळं लिहून झालं होतं, आता लपवायचं काय? 'नाही' म्हण, असं मला एका मनाने वाटत होतं. आईचा चेहरा दिसत होता, चार वर्षांत न चुकलेली एकेक तारीख दिसत होती. आणि दुसरं मन नुसतं धडधडत होतं.

"ताई," तो म्हणाला, "हो लिही."

"नीट विचार केलास ना? बिचारीचं वर्ष जाईल."

"केला. मला वाटलं होतं, आधी हिचं काम होऊ दे, मग दहा आठवड्यांनी सांगू. मला घाई नसते. पण विचारलंच आहे तर खोटं कसं लिहायचं?" मग तो माझ्याकडे वळला. तो माणूस, ज्याला छत्री मिटायला पाच मिनिटं लागतात, एका दमात बोलला. "मी डोळे तपासायला येत नव्हतो. तिसऱ्या भेटीला छत बघ म्हणालीस, तेव्हाही मी छत बघत नव्हतो."

"अरे, पण इथे पुढे नातं कोणतं ते लिहायचंय," ताई म्हणाल्या. आणि कुणाला न विचारता त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं: नणंद. जरा विचार करून कंसात 'होणारी' घातलं, खाली झोकात सही केली आणि फॉर्म मॅडमच्या हातात दिला.

मॅडमनी तो वाचला. "बाद," त्या म्हणाल्या. ओठ मात्र त्यांनी घट्ट मिटून धरले होते. "ताई, चला, बाहेर चहा घेऊ. इथे आपलं काही काम दिसत नाही."

दार लागलं. माझं वर्ष गेलं होतं, अगदी माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच टेबलावर. मला वाईट वाटलं, नाही कसं म्हणू? संध्याकाळी आईला सांगावं लागणार होतं, की डॉक्टर व्हायला अजून सहा महिने, पण दुसरी एक बातमी आहे. डोळे भरून आले माझे. त्याने रुमाल काढला, घडीसकट पुढे केला.

"सहा महिने," तो म्हणाला. "नवा माणूस शोधू. दोघं मिळून. बाकीचं सगळं सावकाश... तुझा प्रबंध झाल्यावर. मी थांबेन. मला घाई नाही."

"मला आहे," मी म्हणाले, आणि रुमालासकट त्याचा हात धरला.